नळाला मोटर लावू का? आणि नगरपालिकेच्या दारातले इतर प्रश्न

उन्हाळ्याच्या शेवटी आमच्याकडे पाण्याची पत्रं वाढतात आणि पाऊस लागला की डासांची. यंदा दोन्ही एकदमच आली, आणि ते बरंच झालं, कारण हे दोन प्रश्न मुळात वेगळे नाहीत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जळगाव आणि धुळे इथे महानगरपालिका आहे, तिला १९४९चा कायदा लागू होतो आणि कारभार आयुक्तांकडे असतो. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार, शिरपूर इथे नगरपरिषद आहे, तिला १९६५चा कायदा आणि तिथे मुख्याधिकारी. अर्ज करताना वरचं नाव चुकलं तरी कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

प्रश्न : पाणी काही दिवसांआड येतं. पहिली दहा मिनिटं गढूळ आणि वास मारणारं. आमच्या सासूबाईंच्या शब्दांत, "नळले पानी येस, पन वर चढत नही." गल्लीत सगळ्यांनी थेट नळालाच मोटर जोडली आहे. आम्हीही जोडावी का? (भुसावळ)

उत्तर : नको. जप्तीची भीती आहे म्हणून नव्हे, गढूळ पाण्याचं मोठं कारण ती मोटरच आहे म्हणून.

पाणी वाघूर धरणाचं असो, तापी नदीचं असो की विरचक धरणाचं, शुद्धीकरण केंद्रातून निघताना ते बहुधा ठीक असतं. बिघडतं ते शेवटच्या पन्नास फुटांत. रोज चोवीस तास भरलेल्या पाइपाला भोक पडलं तर पाणी बाहेर येतं, बाहेरचं आत जात नाही. आपल्याकडे पाइप दोन-चार दिवस रिकामा पडून असतो. तेवढ्यात त्याच भोकातून आजूबाजूचं सांडपाणी आत मुरतं आणि पाणी सुटलं की सर्वांत आधी तेच तुमच्या बादलीत येतं. त्यात मोटर लावली की पाइपात ओढ तयार होते आणि पाणी चालू असतानाही गटारातलं पाणी आत खेचलं जातं. आपल्या बहुतेक गल्ल्यांत घराची जोडणी गटार ओलांडूनच येते. जुना लोखंडी जीआय पाइप असेल तर गटाराच्या वरचा तो दोन फुटांचा तुकडा सर्वांत आधी गंजतो. आधी तो पाहा. बदलताना निळा एमडीपीई (प्लास्टिकचा) पाइप घ्या, गटाराच्या भागात जोड ठेवू नका आणि तेवढा तुकडा मोठ्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपात घालून न्या.

आता दाब. तो कमी आहे असं म्हणण्याआधी मोजून घ्या. गवंडी लेव्हल काढायला वापरतो ती पारदर्शक नळी नळाच्या तोटीला घट्ट बसवा आणि दुसरं टोक जिन्यावरून वर न्या. नळीत पाणी जितक्या उंचीवर थांबेल तेवढा तुमचा दाब. पाणीपुरवठ्याच्या १९९९च्या मानकाप्रमाणे एकमजली घरासाठी किमान ७ मीटर आणि दुमजलीसाठी १२ मीटर मिळायला हवा. हे पाणी सुटल्यावर लगेच नको, अर्ध्या तासाने करा, आणि शेजारच्या घरीही करा. ७ मीटर म्हणजे साधारण तेवीस फूट. दोघांकडे पाणी चार फुटांवर थांबत असेल तर दोष मुख्य लाइनीचा किंवा व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळेचा आहे. शेजाऱ्याकडे दहा फूट चढतं आणि तुमच्याकडे चारच, तर दोष तुमच्या जोडणीत. नळी नसेल तर पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. शेजाऱ्याची बादली दीड मिनिटात भरते आणि तुमची पाच मिनिटांत, तर तुमचं फेरूल बुजलंय असं बहुतेक वेळा निघतं. मुख्य लाइनीला जिथे तुमची जोडणी बसवलेली असते तो पितळी तुकडा म्हणजे फेरूल. त्यात वाळू, गंजाचे पापुद्रे आणि क्षार अडकतात. ते काढून साफ करायला रस्ता खणावा लागतो, म्हणून ते काम पाणीपुरवठा विभागाच्या फिटरकडूनच करून घ्या. खाजगी माणसाने मुख्य लाइनीला हात लावला तर गुन्हा तुमच्या नावावर नोंदला जातो.

मोटर हवीच असेल तर ती लाइनीवर नको, जमिनीखालच्या टाकीवर लावा. पाच माणसं, माणशी रोज शंभर लिटर आणि तीन दिवसांचं अंतर धरलं तर दीड हजार लिटर लागतात. आतून दीड मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि एक मीटर खोल टाकी बांधली आणि वरची वीस सेंटिमीटर रिकामी सोडली की बरोबर तेवढं बसतं. नळाचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, बुडवू नका. नाहीतर लाइन रिकामी झाली की तुमच्या टाकीतलं पाणी उलटं ओढलं जातं आणि शेजाऱ्याच्या घरी पोहोचतं. झाकणाचा काठ जमिनीपासून अर्धा फूट उंच असावा. अंगण धुतलेलं पाणी टाकीत उतरलेलं आम्ही सांगण्याइतक्या ठिकाणी पाहिलं आहे.

पहिल्या बादल्या संडास आणि झाडांना. उरलेलं पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, कारण क्लोरीन गाळातच संपून जातं. मग हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर ब्लीचिंग पावडर (३३ टक्के क्लोरीनची) बादलीभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढंच टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. पावडरचं पाकीट फुटलं की आपल्या उन्हात तिचा जोर झपाट्याने उतरतो. गेल्या वर्षीचं पाकीट वापरण्यात अर्थ नाही.

नळाला आलेल्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे ओटी चाचणीने कळतं. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात काही थेंब, आणि पिवळा रंग आला की लगेच पट्टीशी जुळवायचा. उशीर केला तर रंग फसवतो. ग्राहकाच्या तोटीला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. रंगच येत नसेल तर तक्रारीत "पाणी खराब" लिहू नका. "अमुक तारखेला, अमुक वाजता, ओटी चाचणी निरंक" असं लिहा. पहिल्या वाक्यावर कोणी हलत नाही, दुसऱ्यावर नमुना घ्यायला माणूस येतो.

प्रश्न : वरच्यासारखंच. पाणी चार दिवसांनी येणार, आणि आरोग्य विभागाची बाई येऊन सांगणार की साठवू नका, डेंग्यू होतो. मग प्यायचं काय? (धुळे)

उत्तर : ताई "साठवू नका" म्हणत असतील तर चूक त्यांच्या शब्दांची आहे. "उघडं साठवू नका आणि आठवड्यात एकदा भांडं रिकामं करून घासा" असं म्हणायचं असतं. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. भांडी रिकामी करण्याचा "कोरडा दिवस" आठवड्याचा ठेवतात तो या हिशेबाने.

नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. अंडी पाण्यात तरंगत नाहीत, पाण्याच्या पातळीच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. रांजण, पिंप, हौद रिकामा केल्यावर आतली कड नारळाच्या काथ्याने किंवा ब्रशने घासायची, मग उन्हात पालथा घालायचा. टाकी रिकामी करणं शक्यच नसेल तर तोंडाला पातळ सुती कापड घट्ट बांधा, सैल कापडाच्या खोलगटातसुद्धा पाणी साचतं. वापराच्या हौदात गप्पी मासे सोडा, ते मलेरिया विभागाकडे मिळतात. त्यांचे कर्मचारी ॲबेट टाकतात ते अळ्या मारायला, आणि हौद घासला की ते वाहून जातं हे लक्षात ठेवा.

आपल्याकडची खरी गोम कूलर आहे. मार्च ते जून घरोघरी चालतो, पहिला पाऊस पडला की बंद होतो आणि तळाला दोन बोटं पाणी दिवाळीपर्यंत तसंच. जुलै-ऑगस्टच्या तपासणीत अळ्या सापडतात त्या बऱ्याचदा इथे. बंद करताना तळाचं बूच काढा, तळ घासा, गवताच्या जाळ्या वाळवा आणि कूलर पालथा किंवा झाकून ठेवा. फ्रीजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर हे त्यानंतर.

धुराळणीबद्दल दोन पत्रं आहेत, "आमच्या गल्लीत गाडी येत नाही" अशी. धुराने फक्त उडता डास मरतो, तोही त्या वेळी बाहेर असेल तर. अळी आणि अंडी तशीच राहतात. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्री आठ वाजता फिरणारी गाडी त्याच्यावर फारशी उपयोगाची नाही. रुग्ण सापडलेल्या घराभोवती धुराळणी करणं ठीक, एरवी नगरसेवकाच्या समाधानापुरती.

प्रश्न : लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, नंदुरबारच्या खाजगी दवाखान्यात झालं. जावई सुरतला राहतात. जन्माची नोंद सुरतला करायची की इथे? बारसं अजून व्हायचं आहे. (नंदुरबार)

उत्तर : नंदुरबारला. जन्म आणि मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथेच होते, राहत्या पत्त्यावर होत नाही. दवाखान्याने २१ दिवसांच्या आत नगरपरिषदेच्या निबंधकाकडे माहिती द्यायची असते आणि तेवढ्यात नोंद फुकट होते. तुमचं काम एवढंच की डिस्चार्जच्या दिवशी दवाखान्यातला फॉर्म स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आई-वडिलांची नावं आधार कार्डावर जशी आहेत तशीच, इंग्रजी स्पेलिंगसकट, आहेत का ते पाहा. माहेरच्या माणसाने घाईत आईचं माहेरचं आडनाव लिहून टाकणं ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे, आणि ती पुढे पासपोर्टच्या वेळी उगवते.

बाळाचं नाव ठरलेलं नसेल तर रकाना कोरा ठेवून नोंद होऊ द्या, बारशासाठी थांबू नका. नोंदीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.

२१ दिवस चुकले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर काम होतं. ३० दिवसांनंतर वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश. पूर्वी यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागे, २०२३च्या दुरुस्तीने हे बदललं. त्याच दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. त्यामुळे आळस महाग पडतो.

इथली नोंद सापडत नाही म्हणून सुरतला दुसरी करून घेऊ नका. दोन नोंदी म्हणजे दोन तारखा, दोन स्पेलिंगं, आणि त्यातली एक रद्द करून घेताना चपला झिजतात. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात.

मृत्यूच्या नोंदीलाही हाच नियम. नाशिकला दवाखान्यात गेलेल्या माणसाचा दाखला नाशिकहूनच मिळतो, अंत्यसंस्कार गावी झाले तरी.

प्रश्न : वर्षभरापूर्वी घर विकत घेतलं. घरपट्टी अजून जुन्या मालकाच्या नावाने येते, त्यात त्याची मागची थकबाकी आणि वर शास्ती. आम्ही का भरावी? (जळगाव)

उत्तर : भरावी लागते, कारण घरपट्टीचा बोजा मिळकतीवर असतो. खरेदीआधी "थकबाकी नसल्याचा दाखला" मागितला असता तर ही रक्कम व्यवहारातून वळती करता आली असती. आता जुन्या मालकाकडून वसूल करणं हा तुमचा आणि त्याचा दिवाणी मामला.

शास्ती महिन्याला २ टक्के चढते. दहा हजारांची थकबाकी पाच महिने ठेवली तर हजार रुपये वर. म्हणून आधी भरा आणि मग भांडा. ऑनलाइन भरलंत तर पावतीवर मिळकत क्रमांक तपासून घ्या. एका अंकाच्या फरकाने दुसऱ्याच्या खात्यात गेलेली रक्कम परत फिरवायला तिमाही जाते.

नाव बदलण्यासाठी महानगरपालिका हद्दीत खरेदीखत नोंदल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. अर्जासोबत खरेदीखताची प्रत, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), चालू वर्षापर्यंतची घरपट्टी आणि पाणीपट्टीची पावती. वारसाने आलेलं घर असेल तर मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि इतर वारसांची संमती. पैकी एका भावाची सही नसेल तर अर्ज तिथेच अडतो, ते ओझं कारकुनाने घ्यावं अशी अपेक्षा धरू नका.

आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. ती फक्त कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद आहे. सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक वेगळं, महावितरणचं बिल वेगळं. तिन्हीकडे तीन अर्ज.

आकारणी जास्त वाटत असेल तर पाहायची जागा एकच : मोजमापाच्या नोंदीत तुमचं क्षेत्रफळ आणि "स्वतःचा वापर" की "भाडे" हा रकाना. भाडेकरू जाऊन चार वर्षं झाली तरी वहीत तो राहतच असतो.

प्रश्न : नवीन कॉलनी, शेतजमिनीवर पडलेली. सेप्टिक टँकला जोडलेला शोषखड्डा दोन वर्षांत भरला, पावसाळ्यात अंगणात पाणी येतं. गवंडी म्हणतो अजून खोल खणू. (चाळीसगाव)

उत्तर : खोल खणून पैसे घालवू नका. काळ्या मातीत पाणी मुरतच नाही. ओली झाली की ती फुगते आणि तिच्यातल्या वाटा बंद होतात. मुरूम खाली सहा फुटांवर लागत असेल तर तिथपर्यंत नेण्यात अर्थ आहे, नसेल तर खोल खड्डा म्हणजे दुसरी टाकीच. त्याऐवजी उथळ आणि लांब चर घ्या, त्यात भोकं पाडलेला पाइप, भोवती खडी, आणि वर केळ किंवा कर्दळ लावा. बरंच पाणी ती झाडं पितात. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून हे किमान १८ मीटर लांब.

शोषखड्डा वेळेआधी भरण्याचं दुसरं कारण म्हणजे टाकी वेळेवर उपसलेली नसते. गाळ टाकीत मावेनासा झाला की तो पुढे खड्ड्यात जातो आणि खडीच बुजवतो. दोन-तीन वर्षांनी नगरपालिकेची मैलागाडी बोलवा, पावसाळ्यापूर्वी. उपसताना तळाला थोडा गाळ राहू द्या, त्यातल्या जिवाणूंनी टाकी पुन्हा लवकर कामाला लागते. फिनेल आणि ॲसिड बादलीने ओतलं तर तेच जिवाणू मरतात.

एक गोष्ट मात्र दोनदा वाचा. टाकीत माणूस उतरवायचा नाही, झाकण तासभर उघडं ठेवलं तरी नाही, दोर बांधला तरी नाही. आतला वायू एक-दोन श्वासांत शुद्ध घालवतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. २०१३च्या कायद्याने यावर बंदी आहे. गाडी मिळत नसेल तर १४४२० या क्रमांकावर मागा.

प्रश्न : घंटागाडीवाला ओला-सुका वेगळा घेतो आणि गाडीत एकत्र करतो असं वाटतं, म्हणून घरीच खत करायला घेतलं. मे महिन्यात सगळं वाळून कोळसा झालं. (शिरपूर)

उत्तर : गाडीत मधली पत्र्याची आडभिंत आहे का ते पाहा. नसेल तर फोटो काढून आरोग्य निरीक्षकाला दाखवा, संशयावर भांडू नका.

खताचं म्हणाल तर आपल्याकडे पुस्तकातलं प्रमाण उन्हाळ्यात चालत नाही. एरवी एक वाटी ओल्याला एक-दोन वाट्या सुका पालापाचोळा. एप्रिल-मेमध्ये सुकं निम्म्यावर आणा, ड्रम निंबाच्या किंवा भिंतीच्या सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट. मूठभर घेऊन दाबा : बोटं ओलसर झाली पण थेंब पडला नाही तर बरोबर. मुंग्या लागल्या म्हणजे कोरडं आहे, वास सुटला म्हणजे ओलं. केळीच्या साली चिरून टाका, अख्ख्या टाकल्या तर महिनाभर तशाच. भरीताच्या वांग्याची जळकी सालं चालतात, तेलाची फोडणी नको. पांढरट वळवळत्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या खतच करत असतात. दोन महिन्यांत तयार.

थोडक्यात

*घरासमोरचा निंब तारेला लागतो, फांदी तोडू का?* (अमळनेर) स्वतः नाही. शहरी झाडांना १९७५चा कायदा लागू आहे, वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी हवी. महावितरणची माणसं फक्त तारेजवळचं छाटतात, तेही वादळं सुरू होण्याआधी मागितलं तर.

*पथदिवा बंद.* (भुसावळ) खांबावरचा क्रमांक लिहून द्या. एकच बंद असेल तर फिटिंग, अख्खी रांग बंद असेल तर फेज किंवा फ्यूज, आणि दिवसा चालू राहत असेल तर टायमर. हे तक्रारीत लिहिलं तर वायरमन योग्य सामान घेऊन येतो, नाहीतर बघून जातो आणि पुन्हा येत नाही.

*अर्ज देऊन महिना झाला, "उद्या या" सांगतात.* (धुळे) २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अर्जाची पोच मागा, तिच्यावर सेवा मिळण्याची तारीख असते. जन्म-मृत्यूचा दाखला आणि मालमत्ता कराचा उतारा ३ दिवस, नळजोडणी १५ दिवस. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, मग ३० दिवसांत दुसरं, आणि तिथेही नाही झालं तर ६० दिवसांत सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोच नसेल तर यातलं काहीच करता येत नाही, म्हणून कागद खिडकीवर नुसता सरकवून येऊ नका. आवक क्रमांक पडेपर्यंत तिथेच उभे राहा, किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज करा, तिथे क्रमांक आपोआप पडतो.